‘लिबर्ती’ आहेत, तर मग गुलाम कुठे आहेत? रोमन नगरउभारणीचे खेळ आणि अस्सलपणाचा सोयीस्कर अर्थ

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘अ‍ॅनो ११७: पॅक्स रोमाना’ हा नगरउभारणीचा खेळ बाजारात आला. त्यातील लॅटिअम प्रांतात खेळाडू जे शहर वसवतो, त्या शहराच्या रहिवाशांची चार पायऱ्यांची उतरंड आहे: लिबर्ती, प्लेबियन, इक्वाइट आणि पॅट्रिशियन. सर्वांत खालची पायरी लिबर्तींची.

‘लिबर्तुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मालकाने मुक्त केलेला गुलाम. ‘लिबर्ती’ हे त्याचे अनेकवचन. म्हणजे या शहरात पहिले घर उभे राहते तेव्हा त्यात राहायला येणारा माणूस काल-परवापर्यंत कुणाच्या तरी मालकीचा होता. त्याला मुक्त कुणी केले? तो आधी कोणत्या घरात, कोणत्या शेतावर, कोणत्या गिरणीत राबत होता? आणि त्याच्याबरोबर राबणारे, अद्याप न सुटलेले बाकीचे कुठे गेले? उतरंडीत लिबर्तींच्या खाली पायरीच नाही. खेळाने सुटका तेवढी दाखवली आणि कैद गाळली.

असा एखादा खेळ आला की इतिहासप्रेमींमध्ये अस्सलपणाची चर्चा जोरात सुरू होते. खांब डोरिक हवेत की कोरिंथियन, कौलांचा तांबडा रंग बरोबर आहे का, देवळाच्या पायऱ्या समोरून हव्यात की चारी बाजूंनी, पुतळे पांढरे का. हे प्रश्न क्षुल्लक मुळीच नाहीत. पण अस्सलपणा म्हणजे दगड, चुना आणि रंग एवढेच, असे एकदा मान्य केले की खेळ बनवणाऱ्यांना परीक्षा फार सोपी होते. आणि ती परीक्षा सोपी करून देण्याचे श्रेय प्रेक्षकांकडेच जाते.

रंगाचेच उदाहरण घ्यावे. रोम म्हणजे शुभ्र संगमरवराचे शहर, ही प्रतिमा मुळात रोमनांची नव्हे. योहान योआखिम विंकेलमान या जर्मन अभ्यासकाचा प्राचीन कलेचा इतिहास १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पांढऱ्या, निर्वर्ण शिल्पाला सौंदर्याचा मानदंड ठरवण्यात त्याचा वाटा मोठा होता. विंकेलमानला रंगाच्या खुणा अगदीच ठाऊक नव्हत्या असे नाही. पण पुढच्या पिढ्यांनी त्याच्याकडून घेतली ती शुभ्रता. १८६३ मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्ता येथे ऑगस्टसचा जो प्रसिद्ध पुतळा सापडला, त्यावर रंगाचे अंश स्पष्ट दिसत होते. तरीही १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेननची शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि खरखरीत साहित्याने घासली गेली. २००३ मध्ये म्युनिक येथे विन्त्सेन्ट्स ब्रिंकमान यांच्या संशोधनावर आधारलेले रंगीत देवांचे प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे सामान्य प्रेक्षकाला कळले की हे पुतळे एके काळी लाल, निळे, पिवळे होते.

मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. वेरूळच्या कैलास लेण्याला एके काळी ‘रंगमहाल’ म्हणत, आणि त्यावरील गिलावा व रंगाचे अवशेष अजूनही काही ठिकाणी दिसतात. तरी ‘प्राचीन’ म्हटले की डोळ्यांपुढे उघडा काळा कातळच येतो.

मुद्दा असा की रंगाची ही चूक सुधारणे सोपे आहे, आणि ती सुधारली जात आहे. २०१८ च्या ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड: ओडिसी’ने रंगवलेली देवळे आणि पुतळे दाखवले तेव्हा त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पुतळ्यावर रंग चढवल्याने कुणाची झोप उडत नाही. उलट चित्र अधिक देखणे होते. जी दुरुस्ती देखणेपणात भर घालते ती झटपट होते. जी घालत नाही, ती चार-पाच खेळांच्या आणि सत्तावीस वर्षांच्या अंतरातही होत नाही.

सत्तावीस वर्षे म्हणण्याचे कारण ‘सीझर ३’. इम्प्रेशन्स गेम्सचा हा खेळ १९९८ मध्ये आला आणि रोमन नगरउभारणीच्या खेळांचे व्याकरण त्याने घडवले. वरून, तिरप्या कोनातून दिसणारे शहर. चौकटींत आखलेली जमीन. रस्त्यावरून फिरणारी छोटी माणसे. आणि मनासारख्या सोयी मिळाल्या की आपोआप बदलत जाणारी घरे. तंबूपासून झोपडी, झोपडीपासून कासा, कासापासून इन्सुला, इन्सुलापासून व्हिला आणि शेवटी आलिशान प्रासाद. बाजारातली बाई टोपली घेऊन दारावरून गेली, कारंज्याचे पाणी पोहोचले, देऊळ जवळ आले, की घर डोळ्यांदेखत सुंदर होते. हा अनुभव इतका तृप्त करणारा आहे की तो ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. या खेळाने कितीतरी मुलांना ‘इन्सुला’ आणि ‘प्रीफेक्ट’ हे शब्द शाळेच्या पुस्तकाआधी शिकवले. त्याचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायला हवे.

त्या शहरात काम कोण करते? प्लेबियन. खेळाडू कामगार-सल्लागाराच्या पटलावर त्यांचे वेतन ठरवतो. वेतन कमी केले तर ते नाराज होतात, बेकारी वाढली तर शहर अस्वस्थ होते. व्हिलात राहणारे पॅट्रिशियन काम करत नाहीत, कर मात्र भरपूर देतात. म्हणजे हे शहर पगारी मजुरांचे आहे, आणि त्याचा प्रश्न बेकारीचा आहे. ऑगस्टसच्या रोमपेक्षा ते विसाव्या शतकातल्या एखाद्या औद्योगिक शहराच्या अधिक जवळचे आहे. इटलीच्या लोकसंख्येत गुलामांचा वाटा किती होता याविषयी इतिहासकारांचे अंदाज साधारण एक षष्ठांशापासून एक तृतीयांशापर्यंत जातात. कोणताही अंदाज धरला तरी ‘सीझर ३’च्या रस्त्यावर तो वाटा शून्य आहे.

इथे एक बचाव पुढे येतो आणि तो वजनदार वाटतो. गुलामगिरी ही सामाजिक रचना आहे. ती चित्रात कशी दाखवणार? चित्रकाराचे काम इमारती काढण्याचे. रोममध्ये गुलामांचा वेगळा गणवेश थोडाच होता!

नव्हता, हे खरे. आणि का नव्हता याची एक गोष्ट सेनेकाने नोंदवून ठेवली आहे. गुलामांना वेगळा पोशाख द्यावा असा प्रस्ताव एकदा सिनेटपुढे आला होता. तो मागे पडला, कारण गुलामांनी आपली आणि मालकांची संख्या मोजायला सुरुवात केली तर काय होईल, ही धास्ती लक्षात आली. म्हणजे गुलाम नजरेला वेगळे न दिसणे ही रोमन सत्ताधाऱ्यांची सोय होती. आजचे खेळ नकळत तीच सोय पुढे चालवतात. शिवाय ‘त्या फिरणाऱ्या माणसांत गुलामही असतील’ असे म्हणण्याची मुभा ‘सीझर ३’ देत नाही. त्यात कुठल्याही माणसावर टिचकी मारली की तो बोलतो: आपण कोण, आपल्याला शहर कसे वाटते, नोकऱ्या आहेत की नाहीत. आवाज दिला आहे. फक्त त्या आवाजांत एकही गुलामाचा नाही.

आणि इमारतींत गुलामगिरी दिसत नाही, हे तर साफ खोटे आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये पॉम्पेईच्या नवव्या विभागात उत्खनन करताना एक बेकरी सापडल्याचे जाहीर झाले. एका मोठ्या घराचाच तो भाग होता. खोली अरुंद; बाहेर रस्त्याकडे उघडणारे दार नाही; वर छोट्या खिडक्या, आणि त्यांना लोखंडी गज. जात्यांभोवतीच्या जमिनीत अर्धवर्तुळाकार खाचा कोरलेल्या, डोळे बांधलेल्या गाढवांची पावले ठरावीक वाटेवर पडावीत आणि दोन जाती चालवणाऱ्यांची एकमेकांत गाठ पडू नये म्हणून. माणसे आणि जनावरे एकाच अंधारात दळत होती. अपुलेइअसच्या दुसऱ्या शतकातील कादंबरीत अशाच एका गिरणीचे वर्णन येते: कपाळावर डाग दिलेली, अर्धे डोके भादरलेली, घोट्यात कडी असलेली, पिठाने पांढरी झालेली माणसे. पॉम्पेईच्या त्या खोलीने या वर्णनाला भिंती आणि खिडक्या दिल्या.

आता खेळातली बेकरी आठवावी. ‘सीझर ३’मध्ये तर बेकरीच नाही, गहू शेतातून सरळ कोठारात आणि कोठारातून बाजारात जातो. नंतरच्या रोमन खेळांत गिरणी आणि बेकरी आल्या, आणि त्या किती गोड आल्या! दारात गरम पावांची रास, चिमणीतून धूर, पिठाची पोती उचलणारा गुटगुटीत बेकरीवाला. उघडे दार, रुंद खिडकी. एखाद्या युरोपीय खेड्यातली दिवाळी म्हणावी असे चित्र. पॉम्पेईत तीसहून अधिक बेकऱ्या ओळखल्या गेल्या आहेत, त्यांची जाती, भट्ट्या, अंगणे सगळे मोजून ठेवलेले आहे. भट्टीचा घुमट पुराव्यानुसार आणि दार मात्र कल्पनेनुसार, ही निवड कुणीतरी केलेली आहे.

बेकरीवाला गुटगुटीत असूच शकत नव्हता असे नाही. रोमच्या पोर्ता माज्जोरे दरवाजाशेजारी युरिसासीस या बेकरीवाल्याची भव्य समाधी उभी आहे. तो बहुधा स्वतःच मुक्त गुलाम होता. पैसा इतका कमावला की समाधीवर पाव बनवण्याची सगळी प्रक्रिया कोरून घेतली: दळणे, मळणे, भाजणे, तोलणे. म्हणजे खरोखरच एक लिबर्तुस, आणि खरोखरच श्रीमंत. पण त्याच पट्टिकेवर राबणारी माणसेही कोरलेली आहेत, आणि जात्याला जुंपलेले जनावरही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नवश्रीमंताने आपल्या जाहिरातीत जेवढे श्रम दाखवले, तेवढेसुद्धा आजच्या खेळांच्या बेकरीत दिसत नाहीत.

हीच गत जलसेतूंची. जलसेतू हा प्रत्येक रोमन खेळाचा अभिमानाचा विषय. कमानींची रांग डोंगरातून शहरात उतरते आणि कारंजी उडू लागतात. ‘सीझर ३’मध्ये इमारती कोसळू नयेत म्हणून एक अभियंता फेऱ्या मारत असतो. प्रत्यक्षात जलसेतूंची देखभाल कोण करत होते याची नोंद त्या खात्याचा प्रमुख असलेल्या फ्राँटिनसनेच करून ठेवली आहे: दोन तुकड्या, एक सार्वजनिक मालकीची २४० जणांची आणि दुसरी सम्राटाच्या मालकीची ४६० जणांची. एकूण ७०० गुलाम. पहिली तुकडी मुळात अग्रिप्पाची खासगी. त्याने ती ऑगस्टसला मृत्युपत्राने दिली, जशी आपण घरातील भांडी देतो. आग विझवायलाही आधी सार्वजनिक गुलामांचीच तुकडी होती. इसवी सन ६ मध्ये ऑगस्टसने जे अग्निशमन पथक उभारले त्यात भरती झाली ती मुक्त गुलामांची. ‘सीझर ३’मध्ये हातात बादली घेऊन धावणाऱ्या त्या प्रीफेक्टच्या जागी इतिहासात अशी माणसे होती.

घरांच्या बाबतीत फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. चौथ्या शतकातील रोमच्या विभागवार याद्यांत सुमारे १,८०० डोमस आणि ४६,००० हून अधिक इन्सुला मोजल्या आहेत. या यादीत ‘इन्सुला’ म्हणजे अख्खी इमारत की तिचा भाग, यावर वाद आहे. पण डोमस थोडी आणि इन्सुला अफाट, हे प्रमाण कुणी नाकारत नाही. खेळात ही दोन्ही स्वतंत्र गल्ल्यांत राहतात. किंबहुना राहावीच लागतात, कारण परिसर ‘वांछनीय’ नसेल तर व्हिला वाढतच नाही. कारखाने एका टोकाला, झोपड्या दुसऱ्या टोकाला, बागांच्या शेजारी श्रीमंत. हे नगरनियोजन ओळखीचे वाटते, कारण ते आजच्या बिल्डरांच्या माहितीपुस्तिकेतले आहे.

पॉम्पेईतील एक जाहिरात मात्र वेगळे सांगते. सहाव्या विभागातील एका अख्ख्या चौकाच्या भिंतीवर ती रंगवलेली होती. चौकाचा मालक नायस अल्लेइअस निगिदिअस माइअस. पहिल्या जुलैपासून भाड्याने देणे आहे: माळ्यासह दुकाने, वरच्या मजल्यावरील चांगल्यापैकी खोल्या, आणि एक डोमस. सगळे एकाच चौकात. श्रीमंताचे घर, दुकानदाराची पथारी आणि भाडेकरूची खोली एकमेकांना चिकटून. आणि भाडे ठरवायला कुणाला भेटायचे? मालकाचा गुलाम प्रिमस याला. म्हणजे शहराच्या दर्शनी भिंतीवर, जिथे खेळाचे चित्रकार सुबक लाल-पिवळा गिलावा काढतात, तिथे एका गुलामाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले होते. तो साखळदंडात नव्हता; तो व्यवहार करत होता, बहुधा लिहिता-वाचता येणारा होता. गुलामगिरी दाखवायची म्हणजे चाबूकच दाखवावा लागतो असे ज्यांना वाटते त्यांनी प्रिमसचा विचार करावा. तो रोजच्या रस्त्यात होता, म्हणून तर तो दृश्य रचनेचा भाग आहे.

श्रीमंत घरांच्या आत तर प्रश्नच उरत नाही. इसवी सन ६१ मध्ये रोमचा नगराधिकारी पेडानिअस सेकुंडस याचा त्याच्या एका गुलामाने खून केला. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे त्या घरातील ४०० गुलामांना मृत्युदंड दिला गेला. एका घरात ४००. खेळातला ‘आलिशान प्रासाद’ या संख्येशेजारी ठेवून पाहावा. तिथे द्राक्षवेल आहे, जलकुंड आहे. पाणी भरणारे कुणी नाही.

या शहरांकडे आपण ज्या कोनातून पाहतो तोही निरागस नाही. रोमचे जे विहंगम दृश्य आज पुस्तकांत आणि पडद्यांवर सर्वत्र आढळते, त्यामागे इतालो जिस्मोंदी यांनी बनवलेल्या १:२५० प्रमाणातील प्रचंड प्रतिकृतीचा मोठा प्रभाव आहे. ती मुसोलिनीच्या राजवटीत, ऑगस्टसच्या दोन हजाराव्या जयंतीनिमित्त १९३७ मध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी सुरू झाली. काम अभ्यासपूर्ण आहे यात वाद नाही. पण तिच्यात शहर आकाशातून दिसते, रिकामे, स्वच्छ आणि आज्ञाधारक. रोमनांनीही आपल्या शहराचा नकाशा केला होता: तिसऱ्या शतकाच्या आरंभी संगमरवरात कोरलेला, सुमारे १८ मीटर रुंद आणि १३ मीटर उंच. त्याचा दहावा हिस्साच काय तो उरला आहे. त्यात देवळांइतक्याच निष्ठेने टपरीवजा दुकाने, जिने आणि मागच्या कोंदट खोल्या कोरल्या आहेत. एका साम्राज्याला आपल्या शहरातील अडगळ कोरण्याची लाज वाटली नाही.

जिस्मोंदीपासून खेळांपर्यंतचा वारसा सरळ सिद्ध करता येईल असा दावा इथे नाही. साम्य मात्र डोळ्यांत भरणारे आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. काटकोनी रस्त्यांवरून या खेळांना जे नावे ठेवतात, त्यांचा मुद्दा अर्धवट आहे. रोम वेडावाकडा वाढला हे खरे. पण खेळाडू बहुतेकदा प्रांताचा सुभेदार असतो, आणि प्रांतांतील वसाहती खरोखर आखीव होत्या. अल्जीरियातील तिमगाद, ट्राजनने सुमारे १०० साली वसवलेले, आकाशातून पाहिले तर एखाद्या खेळाच्या पटासारखेच दिसते. जिथे खेळ बरोबर आहेत तिथे त्यांना बरोबर म्हणावे.

‘पण खेळाला श्रम दाखवणे जमतच नाही’ हा युक्तिवाद तर इम्प्रेशन्स गेम्सनेच खोडून काढला आहे, तोही पुढच्याच वर्षी. १९९९ चा त्यांचा ‘फॅरो’ पाहावा. त्यात पिरॅमिड एका टिचकीने उभा राहत नाही. शेतकरी पूरमैदानात राबतात, कामगार छावण्यांतून माणसे निघतात, दगडांच्या घसरगाड्या ओढत नेतात, गवंडी थर चढवतात. आणि खेळाडू वर्षानुवर्षे ते पाहत बसतो. विशेष म्हणजे इथे खेळाने लोकप्रिय समज दुरुस्त केला. पिरॅमिड गुलामांनी बांधले ही सिनेमाने रुजवलेली कल्पना. गिझाजवळ १९९० मध्ये सापडलेली कामगारांची दफनभूमी आणि मार्क लेहनर यांनी उजेडात आणलेली कामगारवस्ती वेगळेच सांगत होती: वेठीची का होईना, पण पाळीपाळीने येणारी, पोटभर खाणारी, सन्मानाने पुरली जाणारी माणसे. ‘फॅरो’ने तेच दाखवले. जिथे गुलाम नव्हते तिथे ते नव्हते असे ठसठशीतपणे दाखवता आले. मग जिथे होते तिथे हात का आखडला? कारण उघड आहे. पिरॅमिडवर चढणारी माणसे पाहायला छान वाटते. गज लावलेल्या खोलीतला माणूस पाहायला वाटत नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गुलामांना खेळाच्या यंत्रणेत आणले की ते ‘साधनसामग्री’ बनतात. लाकूड ४०, दगड २५, गुलाम १२. टिचकी मारून माणूस विकत घेण्याची सवय लावणारा खेळ न-दाखवणाऱ्या खेळापेक्षा वाईट. याचे उदाहरणही आहे. डेन्मार्कमधील एका कंपनीने गुलामांच्या व्यापारावर मुलांसाठी शैक्षणिक खेळ काढला. त्यात जहाजात माणसांची शरीरे टेट्रिसच्या ठोकळ्यांसारखी बसवण्याचा एक भाग होता. २०१५ मध्ये त्यावरून संताप उसळला आणि तो भाग काढून टाकावा लागला. हेतू शिकवण्याचा असूनही परिणाम किळसवाणा झाला.

हा धोका खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘गुलाम दाखवू नयेत’ हा नाही. ‘गुलामांना आकडा करू नये’ हा आहे. आणि आकडा न करता दाखवण्याची जागा म्हणजे दृश्य रचनाच. बेकरीची खिडकी गजाची काढायला नवी यंत्रणा लागत नाही. जलसेतूच्या माहितीपटलावर ‘देखभाल: २४० आणि ४६०’ असे दोन आकडे लिहायला सल्लागार इतिहासकाराची अर्धी सकाळ पुरेल. लिबर्तींना तळाशी ठेवायचेच असेल, तर मुक्ततेवर ५ टक्के कर होता, आणि इसवी सन ४ च्या कायद्याने रीतसर मुक्ततेसाठी साधारणपणे तीस वर्षे वयाची अट होती, हे त्यांच्या घराच्या वर्णनात यायला काय हरकत आहे? कर हा तर या खेळांचा जीव की प्राण! तीस वर्षांचा माणूस खेळातल्या पहिल्या घरात पाऊल टाकतो तेव्हा त्याची तीस वर्षे कुठे गेली, एवढे तरी खेळाडूला कळेल.

‘गेम हा गेम आहे’ म्हणणाऱ्यांना उत्तर थोडक्यात देता येते. गेम गेमच असेल तर खांबांच्या शिरोभागांवर इतके संशोधन कशाला? अस्सलपणा विकायचा असेल तर तो अर्धा मोजून विकता येणार नाही.

आणि ‘हे युरोपचे दुखणे, आपल्याला काय’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. उद्या कुणी पेशवाईतील पुणे उभारण्याचा खेळ बनवला, तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील खिळे मोजणारे शेकड्यांनी निघतील. पगडीचा पेच चुकला तर गदारोळ होईल. पण पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्या बायका वाड्याच्या चित्रात कोणत्या खोलीत काढायच्या, हा प्रश्न किती जण विचारतील?

रोमच्या बाबतीत ती खोलीसुद्धा सापडली आहे. पॉम्पेईच्या वेशीबाहेर चिव्हिता जुलियाना येथील व्हिलात २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये १६ चौरस मीटरची एक खोली उघडकीस आली. तीन खाटा: दोन साधारण १.७० मीटर लांबीच्या, एक १.४० मीटरची, बहुधा मुलाची. गाद्या नाहीत, दोरांचे विणकाम. कोपऱ्यात अँफोरा रचून ठेवलेल्या, खाटांखाली थोडी भांडीकुंडी, एक लाकडी पेटी, रथाचे लाकूड. उजेडासाठी उंचावर एकच लहान खिडकी. त्रिमितीय प्रतिमा बनवणाऱ्याला याहून तपशीलवार आराखडा कुणी देणार नाही. मापे आहेत, वस्तू आहेत, उजेडाची दिशासुद्धा आहे.

स्टुडिओंची वाट पाहण्याचीही गरज नाही. ‘सीझर ३’च्या चाहत्यांनी त्या खेळाचे इंजिन मुक्त स्रोतात नव्याने लिहून काढले आहे. त्याच्या ‘ऑगस्टस’ या आवृत्तीत मूळ खेळात नसलेल्या इमारतींची भर पडली: मद्यशाळा, भव्य मंदिरे, दीपगृह. हे काम करणारे बहुतेक हौशी आहेत, या धाग्याच्या वाचकांइतकेच तरुण आणि तितकेच चिकित्सक. दीपगृह काढणाऱ्या हातांना लोखंडी गजांची एक छोटी खिडकी काढणे अवघड नाही. आणि इन्सुलाच्या भिंतीवर, टिचकी मारली की वाचता येईल अशी चार ओळींची जाहिरात: पहिल्या जुलैपासून दुकाने, खोल्या आणि एक डोमस भाड्याने देणे, चौकशी प्रिमसकडे.